कंदिलाचा नियम

ईशान आणि तारा,

आजोबा गेल्यावर तुम्ही दोघांनी त्यांच्यावर इंग्रजीत लिहिलेला मजकूर मी तीनदा वाचला. स्पेलिंगच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. मथळा तुम्ही दिला आहे: नौसैनिक, इंजिनिअर आणि कुटुंबवत्सल माणूस. पहिल्या दोन शब्दांबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिसऱ्याबद्दल आहे.

आजी, तुला काही भर घालायची आहे का, असं तुम्ही विचारलंत. घालते. मराठीत लिहिते, कारण मी तीस वर्षं धारूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून आपोआप सभ्य वाक्यं उतरतात. जिथे अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या. तुमच्या बाबांनी, विनयनंही हे वाचायला हवं.

आजोबा सतराव्या वर्षी घरी न सांगता परळीहून रेल्वेत बसले आणि नौदलात भरती झाले. गावात कुणी समुद्र पाहिला नव्हता. त्यांच्या आईला वाटलं, पोरगं ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलं असेल, उन्हाळ्यात येईल. चार महिन्यांनी पत्र आलं तेव्हा खरं कळलं. पंधरा वर्षं त्यांनी जहाजाच्या पोटात, इंजिनाशेजारी काढली. तारा पाच वर्षांची असताना तिनं त्यांना विचारलं होतं, तुम्ही डॉल्फिन पाहिलेत का. ते म्हणाले, "इंजिनरूमला खिडकी नसते." तारा रडली. लहान मुलीला एक डॉल्फिन द्यायला काय हरकत होती, असं मी म्हटलं, तर त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायचं नाही. या बाबतीत ते स्वच्छ होते. गावात तर म्हणच पडली होती की एक वेळ सूर्य चुकेल, नेव्हीवाले दादा चुकायचे नाहीत.

नौदल सोडल्यावर ते परळीला वीज केंद्रात इंजिनिअर म्हणून लागले. शनिवारी गावी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. निवृत्त झाल्यावर कायमचे गावी आले. उठण्याची वेळ चार वाजून पन्नास मिनिटं. 'पाचला उठतात' असं कुणी म्हटलं तर दुरुस्त करायचे. आंघोळ दोन तांब्यांत. पहिल्या तांब्यात अंग ओलं करायचं, मग साबण, दुसऱ्यात धुवायचं. बोटीवर चारी बाजूंना पाणी असतं आणि गोडं पाणी मोजून मिळतं. आमच्याकडे चारी बाजूंना बालाघाटाचा दगड. त्यांना फरक पडला नाही, दोन तांबेच. घरातल्या सगळ्यांनाही दोनच.

रविवारी दहा वाजता तपासणी असे. खिशातून पांढरा रुमाल काढायचे, बोटाला गुंडाळायचे आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरच्या डब्यांच्या झाकणांवरून फिरवायचे. फळी अशी, की तिथे हात पुरायला मला पाट लागायचा. रुमाल काळा झाला तर ओरडायचे नाहीत. जेवायला बसल्यावर ज्याची चूक त्याच्या ताटाशेजारी तो रुमाल घडी घालून ठेवायचे. जेवण संपेपर्यंत तो तिथेच. ताट बहुतेक वेळा अनुसयाचं असे, म्हणजे तुमच्या अनुआजीचं. ती हसून घ्यायची. आत आल्यावर मला म्हणायची, "अक्का, विचारा त्यांना, रुमाल धुवायला टाकलाय का तोंडी लावायला."

मीच विचारायचं, कारण ती त्यांच्याशी बोलत नसे. हे तुम्हाला नीट सांगायला हवं, पुढचं सगळं त्यावर आहे. अनुसया म्हणजे आजोबांच्या धाकट्या भावाची, माधवची, बायको. आमच्याकडे तेव्हा रीत होती की धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराच्या समोर यायचं नाही, आलं तर पदर पुढे ओढून, आणि थेट बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर ती मला सांगणार, मी त्यांना. ते उत्तर मला देणार, मी तिला. दोघं एकाच खोलीत असली तरी असंच. तुम्हाला हसू येईल. माझं निम्मं आयुष्य दोन माणसांमध्ये निरोप नेण्यात गेलं, आणि शाळेत मी मुलांना संवादलेखन शिकवायची.

त्यांच्या हुशारीबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते कमीच आहे. बंद पडलेल्या इंजिनापाशी गेले की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, दुसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह. दुसऱ्याच नंबरचा निघायचा. माझ्या भाचीच्या लग्नाला जाताना धारूरच्या घाटात वऱ्हाडाची बस चढावर बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, आता अंबाजोगाईहून माणूस आणावा लागेल. आजोबांनी कोट काढून माझ्या हातात दिला, अर्ध्या तासात बस चालू केली, हात मातीनं घासले, कोट घातला आणि ड्रायव्हरला सगळ्या वऱ्हाडासमोर सांगितलं, की तुझ्या हातात बस देणाऱ्यानं तुझ्यापेक्षा मोठा गुन्हा केलाय. ड्रायव्हर पन्नाशीचा होता. उरलेला रस्ता बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही. उतरताना त्या ड्रायव्हरनं मात्र त्यांचे पाय धरले.

"मशीन खोटं बोलत नाही," ते म्हणायचे. "खोटं बोलतो तो माणूस."

आता कंदिलाबद्दल. आमच्या भागातल्या विहिरी खोल, साठ-सत्तर फूट. जुन्या, बंद असलेल्या विहिरीच्या तळाशी हवा नासते. गाळ काढायला उतरलेली माणसं तिथे मरायची आणि लोक म्हणायचे, विहिरीला बळी लागतो. आजोबांनी ते बंद पाडलं. नियम घालून दिला: आधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा, शंभर आकडे मोजायचे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. कंदील जळाला तर माणूस जगला. तीन गावांत फिरून त्यांनी हे शिकवलं. शाळेच्या पटांगणात पोरांकडून म्हणून घेतलं. तालुक्याला त्यांचा सत्कार झाला, त्यात मिळालेली शाल अजून कपाटात आहे. आणि नियम खरा होता. त्यानं माणसं वाचली.

मग एका उन्हाळ्यात आमच्याच विहिरीचं पाणी खाली गेलं. वरचं डिझेल इंजिन तेवढ्या खोलवरून पाणी ओढेना. आजोबांनी विहिरीच्या भिंतीत लोखंडी तुळया बसवून टप्पा केला आणि इंजिन पस्तीस फुटांवर खाली उतरवलं. सुंदर काम होतं. लांबून लोक बघायला आले. पण इंजिन आता विहिरीच्या आत धूर सोडत होतं, आणि त्या धुरात कंदील विझत नाही. तो नीट जळत राहतो आणि माणूस मरतो. कंदिलाचा नियम जुन्या विहिरींसाठी होता. इंजिन खाली गेलं त्या दिवशी नियम बदलायला हवा होता. आजोबा ते विसरले.

एवढंच झालं. माणूस विसरतो. मी याबद्दल त्यांना कधीच दोष दिला नसता.

चैत्राचा महिना होता. आजोबा परळीला, मी शाळेत. सकाळी दोन तास चालून इंजिन बंद पडलं. माधव खाली उतरणार होता. अनुसयानं नियमाप्रमाणे कंदील सोडला, शंभर मोजले. कंदील जळत होता. तिनं तसं सांगितलं. माधव लोखंडी पायऱ्यांवरून खाली गेला आणि इंजिनापाशी टेकून बसला. तिला वाटलं, भावासारखाच कान लावून ऐकतोय. दोन हाका मारल्या, तीन मारल्या. शेजारच्या माळावर शेळ्या चारणारा एक धनगर धावत आला आणि उतरायला लागला. तिनं त्याचं धोतर धरून त्याला मागे ओढला, विहिरीच्या काठावर त्याच्याशी झोंबली. तो माणूस त्यामुळे वाचला, पुढे नातवंडं बघून गेला. तेव्हा ती चोवीस-पंचवीस वर्षांची होती. त्यांचा मुलगा दत्ता चार वर्षांचा.

आजोबा दुपारनंतर आले. भावाचं तोंड पाहिलं, विहिरीपाशी जाऊन आले. मग मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. अनुसया दाराआड, माझ्यापासून हातभर.

"ती काय म्हणते?"

"कंदील जळत होता म्हणते."

"नक्की?"

मला वाटलं, आता हे प्रश्नावर प्रश्न विचारतील आणि तिला आजच्या दिवशी उत्तरं द्यावी लागतील. तिला वाचवावं म्हणून मी म्हटलं, "घाबरलीय ती. नक्की कसं सांगणार?"

त्यांनी मान हलवली आणि ओसरीवर गेले. तिथे गाव बसलं होतं. खालच्या आवाजात, स्पष्ट म्हणाले, "कंदील विझला होता. वर बघणारा माणूस लागतो, तो नव्हता."

मला वाटत नाही त्या क्षणी ते खोटं बोलले. त्यांचा नियम चुकू शकत नव्हता. कंदील जळत असता तर माधव जगला असता, माधव मेला, म्हणजे कंदील विझला होता आणि बघणारीनं पाहिलं नाही. गणित बरोबर होतं. पण महिन्याभरात त्यांनी नियम बदलला. इंजिन बंद केल्यावर तीन तास कुणी उतरायचं नाही, कंदील जळत असला तरी. दिवाळीपर्यंत आमचं इंजिन विहिरीतून वर आलं आणि विजेची मोटर बसली. गाव म्हणालं, भाऊ गेल्यापासून दादा हळवे झाले. मी मात्र तेव्हा समजले की त्यांना आठवलं आहे. ओसरीवर जे बोलले ते मागे घ्यायला त्यानंतर त्यांच्याकडे चाळीस वर्षं होती.

माझ्याकडेही होती. नौदलातली त्यांची पुस्तकं इंग्रजीत होती, मला इंग्रजी येत होतं, आणि कपाट माझ्या पलंगापासून सात पावलांवर होतं. मी ते उघडून खात्री करून घेतली नाही. हे मी इथे एकदाच लिहिते आणि पुढे जाते.

कुटुंबवत्सल हा शब्द तुम्ही दत्ताकडे पाहून लिहिला असणार. बरोबर आहे. भावाच्या पोराला त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं. विनयपेक्षा जास्त. विनयला ते पत्रात सूचना लिहायचे, दत्ताला मांडीवर घ्यायचे. त्याच्या तापात रात्रभर बसायचे. त्याच्या कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून विचारायचे, काय ऐकू येतं सांग. आठव्या वर्षी दत्ता नुसत्या आवाजावरून सांगायचा, इंजिनात तेल कमी आहे. आज त्याचं धारूरला गॅरेज आहे, आसपासच्या तालुक्यांतून ट्रॅक्टर येतात. तो त्यांना दादा म्हणायचा. आईला तो काही म्हणत नाही.

ते असं झालं. दुसरीत असताना एका शनिवारी शाळेत भांडण झालं आणि कुणीतरी त्याला म्हणालं, तुझ्या आईनं तुझ्या बापाला मारलं. तो घरी आला आणि आईला न विचारता दादांकडे गेला. आजोबा पंप खोलून बसले होते. हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले, त्याला जवळ घेतलं. म्हणाले, "मारलं नाही रे. तिनं लक्ष दिलं नाही." किती प्रेमानं म्हणाले ते. अनुसया तिथेच बाजूला तुरी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

त्या दिवसापासून दत्ता तिच्या हातचं जेवेना. भाकरी तीच थापायची, वाढायची मी. तो माझ्या हातची समजून खायचा. एकदा मला म्हणाला, काकू, तुमच्यासारखी भाकरी कुणालाच येत न्हाई. अनुसयानं चुलीपाशी तोंडात पदर धरला, ती हसत होती की काय ते मला अजून ठाऊक नाही. त्याच्या लग्नात आईबापाच्या जागी आजोबा आणि मी बसलो. विधवेनं अक्षता टाकायच्या नाहीत असं तेव्हा होतं, पण आजोबा एक शब्द बोलले असते तर ती मांडवात बसली असती. ती दिवसभर मागच्या अंगणात बुंदीच्या पातेल्यांवर माशा वारत होती. मी तिला म्हटलं, चल, निदान लांबून बघ. ती म्हणाली, "नको अक्का. तिथंबी लक्ष न्हाई दिलं म्हणतील."

तिनं दत्ताला सांगितलं नाही असं नाही. पुन्हा पुन्हा सांगितलं, कंदील जळत होता. लहानपणी तो कानावर हात ठेवायचा. मोठेपणी एवढंच म्हणायचा, "दादा खोटं बोलत न्हाईत."

दीड-दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आजोबा पंच्याऐंशी पार केलेले, पण सकाळी चार पन्नासलाच उठणारे. शेजारच्या शेतातले दोन तरुण भाऊ आले. त्यांना विहिरीतला गाळ काढायचा होता, विजेचा भरवसा नाही म्हणून डिझेल इंजिन विहिरीत उतरवून पाणी उपसत होते. हातात कंदील होता. म्हणाले, दादा, आमच्या आज्यानं तुमचा नियम सांगून ठेवलाय, कंदील सोडून बघू अन् उतरू, तुमी एकदा काठावर येऊन थांबा.

आजोबा खुर्चीतून उठले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि ते गावाच्या बोलीत बोलत होते. "ठेव बे तो कंदील खाली. इंजिनाच्या धुरात कंदील विझत न्हाई. नीट जळतो. वरचा माणूस जळतोय जळतोय म्हणत ऱ्हातो अन् खालचा मरतो. आधी इंजिन वर काढा."

थोरला पोरगा म्हणाला, "खरं का, दादा?"

"नेव्हीत पहिल्या वर्षी शिकवतात."

अनुसया चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे स्टुलावर ठेवला. चारही कप नीट उतरवले. पोरांनी चहा प्यायला, पाया पडले आणि इंजिन वर काढायला गेले. ती दोघं वाचली, हेही लिहून ठेवते.

मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्याशी थेट बोलली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"भावजी, आत्ता म्हणलात ते माझ्या दत्ताला सांगा."

आजोबांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे वळले. "तिला सांग, चहात साखर जास्त झालीय."

मी तो निरोप दिला नाही. द्यायची गरज नव्हती, ती तीन हातांवर उभी होती. ती आत गेली आणि बिनसाखरेचा चहा घेऊन आली. कप ठेवताना पुन्हा म्हणाली, "दत्ताला सांगा."

त्यानंतर रोज. सकाळचा चहा ठेवताना एक वाक्य, तेच. आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही. त्यांचं उत्तर रोज मला: तिला सांग दूध फाटलंय, तिला सांग माझा टॉवेल कुठंय. दोघांपैकी एकानंही एक दिवस चुकवला नाही. चौदा महिने. दत्ता आला की ती दारात उभी राहायची, आणि आजोबा त्याला गॅरेजबद्दल विचारत बसायचे.

मी त्यांच्याशी एकदाच बोलले. म्हटलं, आता कशाची भीती आहे तुम्हाला, सत्कार परत मागणारं कुणी उरलं नाही. ते नखं बघायला लागले. मग म्हणाले, "त्या पोराला बाप न्हाई. आई असून नसल्यासारखी. माझ्याशिवाय कोण आहे त्याला? तेवढंही काढून घेऊ?"

आई असून नसल्यासारखी का झाली, हे त्यांना त्या वाक्यात दिसलं नाही. किंवा दिसलं. इतकी वर्षं संसार करून मी सांगू शकत नाही.

आजोबा गेले तेव्हा विनय येईपर्यंत दत्तानंच सगळं केलं, हे तुम्हाला माहीत आहे. दहाव्याचं उरकून तो नदीवरून आला आणि ओसरीवर बसला, तेव्हा मी त्याला सांगितलं. कंदील जळत होता, दादा विसरले होते, मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकलंय. मला वाटलं तो उठेल, ओरडेल, निदान मला खोटारडी म्हणेल.

तो मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. "मला ठाव हाय, काकू."

"कधीपासून?"

"पंधरा वर्सं झाली. धंदाच इंजिनाचा हाय माझा. बंद शेडात ट्रॅक्टर चालू ठिवला की काय होतंय मला कळत न्हाई व्हय?"

"मग आईला का नाही बोललास?"

"दादा म्हणले न्हाईत," तो म्हणाला. "त्यांनी म्हणायला पायजे होतं. ते म्हणायच्या आधी मी म्हणलो असतो तर ते खोटे पडले असते. मी वाट बघत होतो, काकू. रोज येत होतो ते कशासाठी?"

मी म्हटलं, ती आत आहे, आता जा. तो म्हणाला, "पंधरा वर्सं गप बसलो, आता कोणत्या तोंडानं जाऊ?" आणि गाडीला किक मारून धारूरला गेला. तेराव्याला आला, जेवला, माझ्या हातून. अजून आठवड्याला येतो, किराणा ठेवतो, माझी औषधं आणतो. अनुसया आतून चहा देते, मी बाहेर आणते. तो कप माझ्या हातातून घेतो. आजोबा गेल्यावर आमच्या घरात बदललेलं एवढंच, की आता निरोप त्या दोघांमधले आहेत.

विनयनं फोनवर विचारलं होतं, आजोबा शेवटचं काय बोलले. मी म्हटलं, काही नाही, शांतपणे गेले. ते खरं नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी ते बाहेरच्या खोलीत पलंगावर होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, पायाशी त्याचं मशीन. मशीनची घरघर ऐकून सकाळीच त्यांनी दत्ताला सांगितलं होतं की आतली जाळी साफ कर, त्यानं केली होती. डोकं शेवटपर्यंत साफ होतं. दत्ता त्यांच्या उशाशी बसला होता. मी पायाशी. अनुसया उंबऱ्यात. सकाळचा चहा त्यांनी घेतला नव्हता, म्हणून तिचं त्या दिवशीचं वाक्य बोलायचं राहिलं होतं.

दत्ता वाकून म्हणाला, "दादा, काही सांगायचं राहिलंय का?"

आजोबांनी नळी हातानं बाजूला केली. मग मान वळवून अनुसयाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते तिच्याकडे असं बघत नसत, बघायची रीत नव्हती. चांगले दहा-बारा श्वास होईपर्यंत बघत राहिले.

"तुझ्या आईला," ते म्हणाले.

दत्तानं कान त्यांच्या तोंडाशी नेला. अनुसयानं चौकट धरली. मीही उठून उभी राहिले.

"तुझ्या आईला सांग, पंखा कमी कर म्हणावं."

दत्ता तसाच वाकलेला राहिला, आणखी काही येईल म्हणून. आलं नाही. मग तो सरळ झाला, नळी पुन्हा त्यांच्या नाकाला लावली आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "ऐकलंस न्हवं? कमी कर."

अनुसया आत आली. बटणाजवळ गेली, पंखा तीनवरून एकवर आणला आणि पाती वेगवेगळी दिसायला लागेपर्यंत वर बघत उभी राहिली. आजोबांनी डोळे मिटले. त्यांना आता बरं वाटत होतं.